काढून ठेवलेली कडी

तो टीव्ही आधी बंद करा. नुसता आवाज कमी नको, बंदच करा. आणि मधल्या, तू दाराशी बसू नकोस, इकडे सतरंजीवर ये. भीती वाटेल म्हणून नाही रे, मला सारखी मान वळवून बोलावं लागतं.

मघापासून तुमचं चाललंय ते ऐकतोय मी. गेम भुतांचा आहे पण मजा नाही, तपास फार सोपा आहे, भुतं बघून हसू येतं. धाकटी म्हणते, पाऊस मस्त दाखवलाय. मला त्यातलं फारसं कळत नाही. पण भुतांच्या तपासाचाच एक खेळ मी आयुष्यात एकदा खेळलोय, आणि तो खेळ कसा जमलाय हे ठरवण्याचा पगार घेणारा माणूस माझ्या समोरच्या दारात राहायचा. त्याची हकिगत सांगतो. मधे बोलू नका, ओघ तुटतो.

शाळेत सुतारकाम शिकवायचं मी थांबवलं, त्यानंतरची ही गोष्ट. आधीचं घर मला एकट्याला मोठं वाटायला लागलं होतं, म्हणून मी त्या इमारतीत राहायला गेलो. एका मजल्यावर दोनच दारं. एक माझं, समोरचं त्यांचं. नवरा, बायको आणि एक मुलगी. नवराबायको दोघंही गेम बनवणाऱ्या एकाच कंपनीत होती. ती संवाद लिहायची. तो टेस्टर.

टेस्टर म्हणजे दिवसभर खेळायचं आणि वर पैसे घ्यायचे, असं इमारतीतल्या पोरांना वाटायचं. मलाही तसंच वाटायचं. एकदा त्याने मला शेजारी बसवलं तेव्हा कळलं. हा माणूस खेळतच नव्हता. पडद्यावरच्या माणसाला तो प्रत्येक भिंतीवर नेऊन आपटत होता. पुढे एक पाऊल, पुन्हा भिंत. कुठे अंग आरपार जातंय का, कुठे माणूस अडकून बसतोय का, ते बघायचं. कपाटाच्या मागे शिरायचं. जिन्याखाली घुसायचं. शहाणा खेळणारा जिथे जाणारच नाही तिथे मुद्दाम जायचं. खाली खेळणाऱ्या पोरांनी त्याचं नाव भिंतवाला ठेवलं होतं, आणि त्यालाही ते आवडलेलं. बेल वाजवली की आतून विचारायच्या आत म्हणायचा, "काका, मी भिंतवाला."

त्याच्या कामाची आणखी एक रीत होती, ती नीट लक्षात ठेवा. खेळात कुणी प्रश्न विचारला की भिंतवाला आधी चुकीचं उत्तर द्यायचा. नेहमी. बरोबर उत्तर तर सगळेच देतील, चुकीचं दिलं की काय होतं ते बघणं हे माझं काम, असं त्याचं म्हणणं. बोटांना सवयच झाली होती त्याच्या. बायको चेष्टा करायची, लग्नाला होकारसुद्धा याने दुसऱ्या खेपेला दिला म्हणून.

तर त्या दोघांनी मिळून काम केलेला हा खेळ. एक तपासनीस असतो. एका बंद इमारतीत रात्री शिरतो. हातात एक दिवा. दिव्याच्या उजेडात तिथली मेलेली माणसं दिसतात आणि त्यांना प्रश्न विचारून तपास करायचा. पण फुकटात काही नाही. मेलेलं माणूस तुम्हाला उत्तर देण्याआधी स्वतः एक प्रश्न विचारतं. खरं उत्तर द्यायचं. खरं दिलंत तर ते बोलतं, आपलं मन मोकळं करतं आणि सुटून जातं, कायमचं. खोटं दिलंत तर त्या खोलीचं दार मागे बंद होतं आणि दिवा थोडा उतरतो. पुन्हा खोटं, दिवा आणखी खाली. दिवा विझला की तपासनीस त्या खोलीतच राहिला.

खेळ चांगला जमला होता, हे मीसुद्धा सांगतो. जिन्यावर पाय टाकला की लाकूड दबल्यासारखं वाटायचं. दिवा हलला की सावल्या आधी हलायच्या आणि माणूस मागून दिसायचा. दुसऱ्या मजल्यावरचा तपास जरा पोरकट होता, तेवढा सोडा. मी खेळलो तेव्हा पहिल्याच मजल्यावर जिन्याच्या कठड्यात अडकलो आणि मला बाहेर काढायला भिंतवाल्याला दहा मिनिटं लागली. तो खूश झाला. म्हणाला, काका, इथे आजवर कुणालाच अडकता आलं नव्हतं.

आता त्या कंपन्यांत असं करतात की खरे आवाज देणारे कलावंत शेवटी येतात. तोवर काम अडू नये म्हणून ऑफिसातलीच माणसं आपापले आवाज भरून ठेवतात. तात्पुरते. चौथ्या मजल्यावर कपडे शिवणारी एक बाई होती, मेलेली. तिचा तात्पुरता आवाज भिंतवाल्याच्या बायकोने दिला होता. घरीच. आतल्या खोलीत दार लावून, डोक्यावरून रजई घेऊन, बाहेरचा आवाज शिरू नये म्हणून. लेक टॉर्च धरून रजईत बसली होती, आईला कागद दिसावा म्हणून. चारच वाक्यं होती. "दिवा खाली धर, डोळ्यांवर येतो." "बस." "तुझी कुणी वाट बघतंय का?" आणि "मला एवढंच माहीत आहे." दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्याच्या मधे ती जरा खोकली होती. तो खोकला काढायचा राहून गेला.

तो खोकला पुढे वाढला. आजार बरेच महिने चालला.

त्या दिवसांत तिला उठताना चक्कर यायची. आतून कडी लावून घेतली आणि पडली तर काय करायचं, म्हणून भिंतवाल्याने एक दिवस मला बोलावलं आणि त्या खोलीची कडी काढायला सांगितली. मी काढली. चार स्क्रू होते. कडी आणि स्क्रू घरी आणून माझ्या पत्र्याच्या डब्यात टाकले, आणि मग परत जाऊन दाराची नि चौकटीची भोकं पुट्टीने बुजवली. वर पांढरा रंग दिला. बोट फिरवलंत तरी कळलं नसतं, इतकं साफ काम. हा क्रम लक्षात ठेवा. आधी स्क्रू काढले, डब्यात गेले. पुट्टी त्यानंतर.

ती गेल्यावर त्याने ती खोली आपल्या कामाची केली.

खेळ तयार होत आला. कलावंतांचे आवाज भरले. भिंतवाल्याला घरी खेळायला नवी प्रत मिळाली. पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळायचं आणि कुठे काय चुकलंय ते कळवायचं. तो चौथ्या मजल्यावर पोचला, दिवा वर केला, आणि...

"दिवा खाली धर, डोळ्यांवर येतो."

तिचाच आवाज. तो एक आवाज बदलायचा राहून गेला होता.

त्याचं काम होतं की ही चूक लगेच कळवायची. त्याने नाही कळवली. का, ते मी तुम्हाला समजावून सांगायला नको. त्या बाईच्या प्रश्नाला उत्तर दिलं नाही तर ती थोड्या वेळाने तोच प्रश्न पुन्हा विचारायची. म्हणून हा उत्तरच द्यायचा नाही. खरं उत्तर दिलं तर ती सुटून जाणार, मग खोली रिकामी. रोज रात्री लेक झोपली की हा त्या खोलीत जायचा, हेडफोन लावायचा आणि चौथ्या मजल्यावर जाऊन नुसता उभा राहायचा. बस. खोकला. तुझी कुणी वाट बघतंय का? पुन्हा खोकला. पुन्हा तेच. पहाटेपर्यंत.

आणि लेक झोपलेली नसायची. हे मला तिनेच सांगितलं, माझ्याकडे अभ्यासाला बसायची तेव्हा. ती उठायची, दार वाजवायची, बाबांना ऐकू जायचं नाही, मग ती परत अंथरुणात. मी विचारलं, अगं, त्या दाराला कडी नाही, नुसतं ढकलायचं. तर म्हणाली, आईच्या खोलीत विचारल्याशिवाय जायचं नाही. आजारपणात लागलेली सवय ती, कुणी मोडायला सांगितलंच नव्हतं. तिचं दार वाजवणंही ठरलेलं होतं. बोटाच्या पेरांनी दोनदा, मग एकदा तळहाताने.

पोरगी वाळत चालली होती. शाळेत डुलक्या घ्यायची. तिच्या मावशीने ते पाहिलं आणि एक दिवस भिंतवाल्याला माझ्यासमोरच सुनावलं की पुढच्या खेपेलाही हे असंच दिसलं तर पोरीला मी माझ्याकडे घेऊन जाणार, आणि तू अडवायला येऊ नकोस. तो खाली बघत राहिला.

तो दिवस जानेवारीतला तिसरा शनिवार. मावशी रविवारी सकाळी यायची होती. रात्री जेवणं आटोपल्यावर माझी बेल वाजली. भिंतवाला. हातात घराची किल्ली. म्हणाला, काका, ही ठेवा तुमच्याकडे. सोमवारी कंपनीला कळवायचंय, आज खेळ संपवतो. हेडफोन असतील कानाला, जरा पोरीकडे लक्ष असू द्या. मी विचारलं, संपवतोस म्हणजे चौथा मजलासुद्धा? मला त्याने तेवढं सांगितलेलं होतं. तो हो म्हणाला. किल्ली देताना त्याचा हात गार होता... पण जानेवारीत कुणाचा नसतो.

पुढचं आतलं सगळं त्याने मला नंतर सांगितलं. एकदाच.

त्याने दार लोटलं, हेडफोन चढवले, एकेक मजला नेटाने संपवला. चौथ्या मजल्यावर आला. दिवा वर केला.

दिवा खाली धर, डोळ्यांवर येतो.

बस.

खोकला.

तुझी कुणी वाट बघतंय का?

पडद्यावर दोन उत्तरं आली. हो. नाही. खेळात त्या तपासनिसाची वाट बघत त्याचा जोडीदार खाली फाटकाशी उभा असतो. म्हणजे खरं उत्तर हो. भिंतवाल्याला ते पाठ होतं. त्याला तेच द्यायचं होतं. पण इतक्या वर्षांची सवय. विचार करायच्या आत बोट गेलं.

नाही.

पडद्यावरचं दार बंद झालं. व्हायलाच हवं होतं. पण तो आवाज त्याला हेडफोनमधून नाही आला. पाठीमागून आला. कडी सरकल्याचा.

त्याच सुमारास माझी बेल वाजली. पावणेबारा झाले होते. दारात पोरगी. अनवाणी.

"आजोबा, दार वाजवलं तर आज वेगळंच वाजतंय."

वेगळं म्हणजे कसं ते तिला सांगता येईना. मी तिच्याबरोबर गेलो. खोलीच्या दाराखालून पडद्याचा उजेड येत होता. मी हाक मारली. मग थापा मारल्या. हेडफोन घातलेल्या माणसालाही हादरा जाणवेल, इतक्या जोराने. आत हालचाल नाही. म्हटलं, आता ढकलतोच.

ढकललं.

दार उघडलं नाही.

मला वाटलं, थंडीने अडकलं असेल. पुन्हा खांदा लावला. मग मी जरा थांबलो. खाली हात ठेवून दाबलं, तर दार हललं. मधे दाबलं, थोडं हललं. वर, कडीच्या जागी दाबलं... तिथे हलत नव्हतं. दार फुगलं की असं होत नाही. कडी लागली की असं होतं.

आणि ती कडी माझ्या डब्यात होती.

खालचा उजेड कमी झाला. विझला नाही. कुणी वात खाली करावी तसा... उतरला.

आत भिंतवाला हेडफोन काढून दाराशी आला होता. ओढत होता, पण येत नव्हतं. कडी दिसत नव्हती. हात फिरवला, गुळगुळीत पांढरा रंग. नुसतं दार, आणि ते येत नाही. त्याने मला हाक मारली म्हणे. पोरीला मारली. मी दाराच्या या बाजूला हातभर अंतरावर उभा होतो, आणि त्याच्या हाकेतलं एक अक्षर मला ऐकू आलं नाही. आमच्या थापा त्याला ऐकू गेल्या नाहीत. खोली अगदी शांत होती, असं म्हणाला. पंख्याचासुद्धा आवाज नाही. टेबलावर ठेवलेल्या हेडफोनमधून तेवढं काहीतरी बारीक येत होतं.

खिडकीला गज होते. फोन बाहेरच्या खोलीत.

तो परत बसला. हेडफोन घातले. पडद्यावर ती बाई शिवत होती. दिवा अर्धा उतरलेला. त्याने घाईने बरोबर उत्तर दिलं. हो. वाट बघतंय.

यावर तिने सांगायला हवं होतं, मला एवढंच माहीत आहे. मग सुटका, दार उघडणार, सगळं ठरल्याप्रमाणे.

तिने हातातलं काम थांबवलं.

"कोण?"

हे वाक्य त्या चारांत नव्हतं. आवाज भरताना तो रजईबाहेर बसून ऐकत होता, त्याला प्रत्येक श्वास पाठ होता. हे तिने कधी म्हटलंच नव्हतं.

पडद्यावर एकच उत्तर आलं. माझा जोडीदार. त्याने ते दाबलं.

दिवा आणखी खाली गेला.

"कोण?"

पुन्हा तेच दाबलं. दुसरं काही नव्हतंच. टेस्टर होता ना तो... सगळी बटणं दाबून पाहिली. खेळ बंद करून पाहिला. बंद होईना. वायर ओढली. पडदा तसाच.

दिवा आता वातीपुरता उरला होता. तिचे फक्त हात दिसत होते.

बाहेर मी पटाशी नि हातोडी आणायला निघालो होतो. बिजागऱ्या आतल्या अंगाला, म्हणून दाराची फळीच उचकटायचं ठरवलं होतं मी. पोरीने माझा सदरा धरला. घाबरलेली नव्हती ती. उलट... ऐकत होती. दाराला कान लावून.

"थांबा ना आजोबा. आई विचारतेय त्यांना."

मी कान लावला. मला काही ऐकू आलं नाही. खोटं का सांगू. अगदी काही नाही.

काय विचारतेय, असं मी तिला विचारलं नाही. धीर झाला नाही.

मग तिने दार वाजवलं. पेरांनी दोनदा. तळहाताने एकदा.

आत भिंतवाल्याला ते ऐकू आलं. दारातून नाही. हेडफोनमधून. त्या बाईच्या खूप मागे, कुठेतरी जिना उतरून गेल्यासारखं. दोन... आणि एक. त्याला वाटलं, हा आवाज खेळात कुणी भरला? मग तो आवाज कुणाचा, ते कळलं. आणि मग आठवलं. हा आवाज त्याने आधीही ऐकला होता. रोज रात्री. तिच्या बोलण्याखाली. त्याने आवाज वाढवून घेतला होता, तिचं नीट ऐकू यावं म्हणून.

दिवा... नव्हताच जवळजवळ.

"कोण?"

पडद्यावर या खेपेला एकही उत्तर नव्हतं. मोकळा पडदा. माइकही नव्हता त्या हेडफोनला. तरी तो बोलला. तोंडाने. तेवढं मात्र मला बाहेर स्वच्छ ऐकू आलं.

"आपली पोर. दाराशी उभी आहे."

काही झालं नाही.

किती वेळ ते माहीत नाही.

मग कडी सरकली. माझ्या कानापासून वीतभर लांब. सरळ एका दमात नाही. आधी अर्धी... थांबली... मग उरलेली. हलक्या हाताने, कुणी झोपलंय म्हणून उघडावी तशी.

दार आत गेलं. पोरीला धक्का द्यावा लागला नाही.

तो खाली जमिनीवर बसला होता. ती जाऊन त्याच्या मांडीवर बसली, रोजची जागा असल्यासारखी. बाबा, तुमचे पाय गार आहेत म्हणाली. पडद्यावर चौथ्या मजल्यावरची खोली होती. रिकामी. दार उघडं. खुर्चीवर शिवायला घेतलेलं कापड तेवढं होतं.

मी मोठा दिवा लावला. ती दोघं एकमेकांत होती, त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी दाराची आतली बाजू बघितली. वर, कडीच्या जागी. चार भोकं. उघडी. खाली फरशीवर पांढरा भुगा पडलेला.

मी चवड्यांवर बसलो, हातानेच भुगा गोळा केला आणि बाहेर आलो.

मावशी सकाळी आली, तेव्हा बापलेक दोघं बाहेरच्या खोलीत एका पांघरुणात घोरत होती. तिने मलाच चहा करायला लावला आणि त्यांना उठवू नका म्हणाली. पोरीला नेण्याचं तिने काढलं नाही. पुढेही नाही. सोमवारी भिंतवाल्याने कंपनीला सांगितलं, खेळ चांगला आहे, सोडा बाजारात. चौथा मजला पुरता तपासून झाला का, असं तिथल्या साहेबाने विचारलं. तो हो म्हणाला. म्हणे, तिथे माणूस अडकतो, पण बाहेर यायला वाट आहे. त्या कंपनीत तो अजूनही भिंती तपासतो. पोरगी आता कॉलेजात जाते.

आता मधल्याच्या चेहऱ्यावर दिसतंय मला. म्हणणार, काका, दार अडकलं असेल, पुट्टी थापा मारून मारून निघाली असेल. असेल. मीही त्या रात्री स्वतःला तेच सांगत माझ्या घरात शिरलो. झोप येईना, म्हणून पत्र्याचा डबा काढला. कडी तिथेच होती, खिळ्यांच्या खाली, मी ठेवली होती तशी. चारही स्क्रू तिथेच. मला बरं वाटलं. मग एक स्क्रू उजेडात धरला.

डबा तेव्हापासून उघडा ठेवत नाही मी. आज येताना खिशात घालून आणलाय. हं, हा स्क्रू धर. घे हातात, चावत नाही.

दिसतंय? आटे बघ. आट्यांच्या मधे.

पांढरं आहे ना?

मी ते कधी पुसलं नाही... आणि ही कडी मी परत कुठल्याही दाराला लावलेली नाही.

बोटाला लागतंय बघ अजून.